पंपाच्या खोलीतली पुस्तकं

ती. आप्पा,

रविवारी मी निलेशला खरं सांगून टाकलं. तुम्ही गावी, वटारला, पुराच्या पाण्यात उतरला होतात हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरीही मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, हे.

आज मंगळवार. तुमचा मुलगा घरात जेवतो, कामावर जातो, सईची गणितं तपासतो. माझ्याशी बोलत नाही. मी त्याला दोष देत नाही. पण आठ महिने पोटात धरून ठेवलेलं बाहेर आलं, आणि आता या घरात मला बोलायला माणूस उरलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी सुरुवातीपासून, सलग, एकदा तरी कुणाला सांगायचंय.

तुम्हाला आठवतं, मी लग्न होऊन विरारला आले तो दिवस? मी कऱ्हाडची. तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तर हॉलमध्ये भिंतीला लागून चार लोखंडी ट्रंका! मला वाटलं, सासूबाईंच्या मागे राहिलेली भांडी असतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक उघडून दाखवलीत. आत पुस्तकं. केळीवरची, पानवेलीवरची, गुलाबांवरची, आंब्याच्या कलमांवरची. कापडी बांधणी, चहासारखी तपकिरी पानं, कसरीने कुरतडलेल्या कडा. एक तर पोर्तुगीज होतं. ते तुम्हालाही वाचता येत नव्हतं, नुसती झाडांची चित्रं बघायचात.

"बागेची पुस्तकं? मग बाग कुठे आहे?" मी विचारलं होतं.

तुम्ही खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, "हाय ना, वटारला. थोडीशी."

थोडीशीच होती ती वाडी. वाटण्या होऊन तुमच्या वाट्याला विहीर, पंपाची खोली आणि केळीच्या चार ओळी आल्या होत्या. सगळी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली, झाडांना हात लावायला वेळ मिळाला तो निवृत्तीनंतर. आणि तेव्हाच सासूबाई गेल्या, तुम्ही निलेशकडे राहायला आलात. येताना कपड्यांची एक पिशवी आणि या चार ट्रंका.

पुस्तकं आणायचात कुठून! आगाशीच्या बाजारातला तो रद्दीवाला. तिकडच्या बागायतदारांची जुनी घरं पाडायला निघाली, की माळ्यावरचा पसारा त्याच्याकडे यायचा, आणि झाडाचं चित्र दिसलं की तो तुम्हाला फोन करायचा. तुम्ही बस पकडून निघालातच. संध्याकाळी कापडी पिशवीतून एखादं मोडक्या पाठीचं पुस्तक काढून, बाळाला धरावं तसं दोन्ही हातांत धरून मला दाखवायचात.

इंग्रजी तुम्हाला वाचता यायचं, पण धाप लागायची. म्हणून रविवारी जेवणं झाली की मी वाचून मराठीत सांगायचं, असं ठरून गेलं. कुणा साहेबाने लिहिलेलं केळीचं प्रकरण मी वाचतेय आणि तुम्ही मधेच हात वर करताय, "थांब थांब! एवढं पानी? कंद कुजंल ना! ह्याला कोनी सांगितलं?" मग कानावरची पेन्सिल काढून समासात लिहायचात. 'वटारात चालणार नाही.' 'खोटं.' 'हे बरोबर, माझे वडील असेच करायचे.' शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांशी तुमची भांडणं चालायची आणि मी मध्ये दुभाष्या!

माझे वडील मी दहावीत असताना गेले. रविवारच्या त्या दुपारी मला किती लागत होत्या, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मग सईला दम लागायला लागला.

सहा वर्षांची होती. छाती भात्यासारखी हलायची. कोपऱ्यावरचे आपले डॉक्टर, ज्यांनी तिला जन्मापासून पाहिलेलं, त्यांनी विचारलं, "घरात जुनं सामान, धूळ, बुरशी असं काही आहे का?" मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "पुस्तकं आहेत. सासऱ्यांची."

त्या रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. निलेश म्हणाला, थोडी ठेवू, थोडी काढू. मी म्हटलं, "थोडी नाही, सगळी." तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. मग म्हणालात, "बरोबर हाय तिचं. पोरीला श्वास घेता आला पायजे."

चार दिवस तुम्ही एकटे बांधाबांध करत होतात. प्रत्येक पुस्तक वर्तमानपत्रात, मध्ये कडुलिंबाचा पाला. सई शेजारी बसून मोजत होती, तोंडाला रुमाल बांधून. मी सुचवलं, वाचनालयाला देऊन टाकू. इतक्या वर्षांत तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "कोनाला देयाचं नाय!" लगेच खाली आला. "वटारला नेतो. पंपाच्या खोलीत."

"तिथे कोरडं असतं ना?"

"असतं."

आप्पा, का खोटं बोललात? वटारात जन्म गेला तुमचा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, तुम्हाला नाही तर कुणाला माहीत? नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं का, हे मलाही सांगता येणार नाही. पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला 'असतं' हेच उत्तर हवं होतं.

मग तुमचं दिवसाआड वटारला जाणं सुरू झालं. पंपाच्या खोलीत पालथ्या खोक्यावर बसून वाचायचात म्हणे. एकदा दारात चपला घालता घालता विचारलंत, "रविवारी येतेस का वाडीत? ते गुलाबाचं अर्धं राहिलंय." मी म्हटलं, सईचा क्लास आहे. क्लास अकराला संपायचा, आप्पा. मला यायचं नव्हतं. तुमच्याकडे बघितलं की मला अपराधी वाटायचं, आणि ज्याच्यामुळे अपराधी वाटतं त्याला माणूस टाळतो. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस कोसळला. बँकेत निम्मी माणसं आली नव्हती, माझ्या काउंटरवर रांग, सर्व्हर बंद, लोक ओरडत होते. तेवढ्यात तुमचा फोन.

"स्मिता, वाडीत पानी चढतंय म्हनतात. जाऊन बघू का? पेट्या जरा वर ठेवून येतो."

मी फोन खांद्यात धरून म्हटलं, "आप्पा, तुम्हाला काय करायचं ते करा. मला आत्ता वेळ नाही."

"बरं," म्हणालात.

एवढंच. नका जाऊ, असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. तुम्ही विचारायलाच फोन केला होतात! तुम्हाला जायचंच असतं तर न विचारता गेला असतात.

पुढचं मला नंतर हिराताईंकडून कळलं. तुमच्या चुलतभावाची सून, वाडीच्या पलीकडे राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कंबरभर पानी होतं. मी हाक मारली, काका, भायेर या! तर म्हनतात, दोनच खेपा राहिल्या. डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभे होते." शेवटच्या खेपेला पाण्याखालच्या पत्र्याने तुमचं पाऊल कापलं. त्यांनी हळद भरली, फडकं बांधलं, सुके कपडे दिले.

घरी आलात तेव्हा निलेशला सांगितलंत, चप्पल तुटली, ठेच लागली. स्वयंपाकघरात मी हळूच विचारलं, "गेला होतात?"

"गेलो होतो. फळीवर चढवल्या सगळ्या. त्याला नको सांगू, उगाच ओरडंल."

मला किती हलकं वाटलं, म्हणून सांगू? तुम्हीच नको म्हणालात! मी फोनच्या यादीतून तुमचा तो फोनसुद्धा पुसून टाकला.

आठवड्याने ताप आला. मीच तुम्हाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आप्पा. अगदी स्पष्ट विचारलं. "पुराच्या पाण्यातून चाललात का कुठे? पायाला जखम?"

तुम्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलात. "नाय. घरीच होतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरीच होते ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? आठ महिने मी हेच उगाळतेय. पाण्यात गेले होते म्हटलं, की का गेले हे आलं. मग पुस्तकं आली. मग ती घराबाहेर कुणी काढली हे आलं, तो फोन आला. मला वाटलं, साधा ताप आहे, उतरेल. तापाने कोण मरतं?

दोन दिवस मी तुम्हाला तापाच्या गोळ्या देत राहिले. तुम्ही पोटऱ्या दुखतात म्हणालात, मी तेल लावून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचे डोळे पिवळे दिसले.

वसईच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. निलेश खाली कागद भरत होता, तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "हे आधी का नाही सांगितलं? लेप्टो वाटतोय, पुराच्या पाण्यातून होतो तो. दोन दिवस आधी कळलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला ते रोज पुरं ऐकू येतं.

किडन्या बंद पडल्या, मग फुप्फुसं. चौथ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. मास्कच्या आतून काहीतरी बोलत होतात. मी कान जवळ नेला. "वरच्या फळीवर हायेत."

"हो आप्पा. सुखरूप आहेत," मी म्हटलं. मी पाहिलं नव्हतं. हेही असंच म्हणून टाकलं.

सुखरूप नव्हती. तुम्ही घरी आलात त्या रात्री पाणी आणखी चढलं होतं. तुमचं दहावं झाल्यावर मी आणि हिराताईंनी पंपाची खोली उघडली, तर भिंतीवरची ओल वरच्या फळीच्याही वर हातभर. ट्रंका पाण्याने भरलेल्या. पुस्तकं फुगून आत इतकी घट्ट बसली होती की बाहेर निघेनात. मी नखांनी ओढत होते. पानांचा लगदा हातात येत होता, आणि वास असा, की हिराताईंनी पदर नाकाला लावला. ज्यासाठी तुम्ही गेलात ते वाचलंच नाही, आप्पा! हे तुम्हाला कळलं नाही, एवढंच मी देवाचं मानते. आणि कधी कधी वाटतं, तुम्हाला एवढंही खरं कुणी सांगितलं नाही.

महिनाभर हिराताईंच्या पडवीत पंख्याखाली पानं सुकवली. मी रविवारी जायचे. निलेशला सांगायचे, वाडी बघायला जाते. सगळ्या ट्रंकांमधून एकोणीस पुस्तकं उघडतील अशी निघाली. रंगीत चित्रं एकमेकांना चिकटून फाटली. तुमची पेन्सिल मात्र पाण्याने गेली नाही. 'खोटं' तसंच आहे. ती एकोणीस हिराताईंच्या कपाटात आहेत.

आणखी एक ऐका. ऑक्टोबरात सईला पुन्हा मोठा दम लागला. पुस्तकं जाऊन वर्ष झालं होतं! तेव्हा तिच्या पलंगामागचं कपाट हलवलं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपून भिंत आतून काळी पडली होती, माणसाच्या उंचीएवढी बुरशी. ती रोज तिला टेकून झोपत होती. तेव्हापासून तिला दाखवतो त्या नव्या डॉक्टरांना मी फोटो दाखवून विचारलं, "म्हणजे पुस्तकांमुळे नव्हतं?"

"सांगता येत नाही. दोन्ही असू शकतं," ते म्हणाले.

काहीतरी एक सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता निलेशचं. तुम्ही पाण्यात गेला होतात हे त्याला दहाव्याला हिराताईंकडून कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं असं त्याने धरलं, आणि सगळा राग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर गेला. पुराच्या दिवसांत तापाचा माणूस आला तर विचारायला नको? त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. लोकांनी सईच्या वयाची मुलं तिथे नेणं बंद केलं. संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातली बाकं रिकामी दिसायची. मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. एकदा त्यांनी मला पाहिलं आणि नमस्कार केला. त्यांना आठवत असणार ना, मी काय उत्तर दिलं होतं ते? तरी ते कुणाला काही बोलले नाहीत.

रविवारी निलेशने टाइप केलेला तक्रार अर्ज माझ्यासमोर ठेवला. "तू नेलं होतंस, तुझी सही लागेल." मी वाचला. 'डॉक्टरांनी पुराच्या पाण्याबाबत कोणतीही विचारणा केली नाही.' खाली माझं नाव.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"विचारलं होतं, निलेश. आप्पा नाही म्हणाले. मग मला विचारलं. मीही म्हटलं, घरीच होते."

"तुला कुठे माहीत होतं तेव्हा?"

"माहीत होतं."

त्याने अर्ज माझ्यासमोरून ओढून घेतला. मग मी फोनचंही सांगितलं. त्याने विचारलं, "काय म्हणालीस त्यांना? नेमके शब्द सांग." मी सांगितले. तो म्हणाला, "दोन दिवस. दोन दिवस तू त्यांना गोळ्या देत होतीस." आणि उठून गॅलरीत गेला. ओरडला असता तर मला सोसलं असतं.

काल कामावरून येताना तो दवाखान्यात गेला. मी वरून पाहिलं. दारात खूप वेळ उभा होता, मग चपला काढून आत गेला. रात्री ग्रुपवर त्याने लिहिलं, 'माझ्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांची काही चूक नव्हती. मी चुकीचं लिहिलं होतं, त्यांची माफी मागितली आहे.' माझं नाव कुठेही घातलं नाही. तुमचाच मुलगा आहे.

मला वाटलं होतं, यापेक्षा वाईट काही ऐकायचं राहिलं नाही. पण आज संध्याकाळी सई माझ्याजवळ येऊन बसली. परीक्षेचं पुस्तक मांडीवर, पान उलटत नव्हती.

"मम्मा, तुम्ही भांडू नका. आप्पा माझ्यामुळे गेले ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"मला दम लागायचा, म्हणून पुस्तकं तिकडे नेली. म्हणून आप्पा पाण्यात गेले. मला माहितीये."

आठ वर्षांची आहे, आप्पा! आणि मग हळूहळू सगळं निघालं. हल्ली तिचा खोकला कमी झाला असं आम्ही समजत होतो. कमी झालेला नाही. खोकला आला की ती बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि तोंडावर टॉवेल धरून खोकते. आपल्यामुळे घरातून पुन्हा कुणाला जावं लागू नये म्हणून. मी इतके महिने तिची आई म्हणून वावरत होते, आणि ते पोर एकटं नळ सोडून खोकत होतं. मी माझं लपवण्यात इतकी गुंतले होते की दुसरं कुणी काही लपवतंय हे दिसलंच नाही.

तिला मी कुशीत घेऊन सांगितलं, नाही गं, तुझ्यामुळे नाही. तिने मान हलवली. पण पटलेलं नाही, मला कळतं. नुसतं 'नाही' म्हणून पटणारही नाही.

तुमच्याकडे माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तुम्ही 'बरं' म्हणाल आणि विषय संपवाल, आणि मला तो संपायला नकोय. एक वचन मात्र देते. सईला मी सगळं सांगणार आहे. तिला कळेल अशा शब्दांत, पण सगळं. मी 'थोडी नाही, सगळी' म्हटलं ते, फोनवर बोलले ते, डॉक्टरांपुढचा तो 'हो'सुद्धा. ती माझ्यावर रागावेल. रागावू दे. निलेशसारखी तीही बोलायची बंद झाली तरी चालेल. उद्या सांगेन, नाही पटलं तर परवा पुन्हा सांगेन, तिच्या मनातून हे पुरतं जाईपर्यंत सांगत राहीन. आणि आप्पा, या घरात तिला मोठ्याने, दार उघडं ठेवून खोकता येईल, एवढं मी करीन.

तुमची सून,
स्मिता